मांजराला एकादशी घडवू नका

चिकोडीत कोणाचंही मांजर जरा फुगलं की चारी बाजूंनी एकच सल्ला येतो. दोन दिवस खायला घालू नका, आपोआप वठणीवर येतं. मराठी घरात हा सल्ला मिळतो, कन्नड घरातही मिळतो. सीमाप्रश्नावर कधी न झालेलं एकमत इथे मात्र पक्कं आहे. सल्ला देणारी माणसं दुष्ट नसतात, उलट मांजरावर जीव असणारीच असतात. म्हणून त्यांच्याशी भांडणं भाग आहे. कारण या सल्ल्यानं मांजर मरतं. हाडाची काडं होऊन मरत नाही; अंगावर चरबीचे थर असताना मरतं. आणि जितकं जाड, तितकं लवकर.

हे ऐकलं की लोक हसतात. अंगावर एवढी साठवण आहे, ती वापरेल की! हा हिशेब माणसाचा आहे आणि माणसापुरता तो बऱ्यापैकी खरा आहे. दोन दिवस जेवण चुकलं तर आपलं शरीर साठलेली चरबी काढतं, यकृत तिच्यातून इंधन बनवतं आणि आपण चिडचिड करत का होईना, चालतो-फिरतो. मांजराची घडण मुळात वेगळी. दिवसभरात उंदीर, चिमणी, टोळ असे बरेच छोटे घास आणि प्रत्येक घासात मांस, अशा जगण्यासाठी ते घडलेलं आहे. पोट रिकामं असलं तरी प्रथिनं जाळण्याचा त्याच्या यकृताचा वेग फारसा उतरत नाही. मोठ्या उपासाची सोयच त्या देहात नाही.

मग उपाशी ठेवल्यावर काय होतं? निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चटकन कळेल. सगळ्या गावांच्या गाड्या एकाच रात्री माल घेऊन दारात उभ्या राहाव्यात आणि नेमके त्याच रात्री हमाल येऊ नयेत, तर माल आत कोंबला जातो, बाहेर काहीच पडत नाही आणि शेवटी आतला चालायचा बोळसुद्धा बुजतो. उपाशी जाड मांजराच्या यकृतात हेच घडतं. अंगावरची चरबी सुटून लोंढ्यानं यकृताकडे धावते. तिला यकृताबाहेर काढायला प्रथिनं लागतात, ती रोजच्या खाण्यातून यायची, आणि ते खाणंच आपण शहाणपणानं बंद केलेलं असतं. यकृताच्या पेशी चरबीनं भरून जातात आणि काम थांबवतात. पशुवैद्यक याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. मांजरातल्या या रोगाचं पहिलं वर्णन 1977 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे ही काही काल-परवाची नवलाई नाही. ज्ञान जवळजवळ पन्नास वर्षं जुनं आहे. आमच्या गल्लीत पोचायचं तेवढं राहिलंय.

या रोगातली खरी मेख पुढेच आहे. एकदा यकृत बिघडलं की मांजराला मळमळतं आणि ते स्वतःहूनच खायचं सोडतं. मग तुम्ही घाबरून समोर मासळी ठेवा, अंडं ठेवा, ते वास घेऊन तोंड फिरवतं. ‘भूक लागली की झक मारत खाईल’ हा त्या सल्ल्याचा दुसरा खांब. तोही इथेच कोसळतो. हिरड्या, कानाची आतली कातडी, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला की कावीळ झाली समजायचं. त्यानंतर मुख्य उपचार एकच, आणि तो म्हणजे खायला घालणं. फक्त आता ते मानेतून अन्ननलिकेत बसवलेल्या नळीतून, दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे. वेळेवर नळी बसली तर पुष्कळ मांजरं वाचतात. पण चिकोडीतून त्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचं, मांजर घेऊन तिथे राहायचं, खर्च सोसायचा, हे किती जणांना जमतं? दोन दिवसांच्या फुकटच्या डाएटिंगची किंमत ही आहे.

इथे एक हरकत हमखास येते: आमचा बोका तीन-तीन दिवस उसाच्या फडात गायब असतो, त्याला कुठे काय होतं? अहो, तो उसात उपास करायला जात नाही. तिथे उंदरांची पंगत असते. घरी तुम्ही वाढलं नाही म्हणजे तो जेवला नाही, हा गैरसमज आपल्या मोठेपणाचा आहे. शिवाय तो सडपातळ फिरता बोका आणि सोफ्यावर लोळणारं साडेसहा किलोचं नसबंदी झालेलं मांजर यांना एकच नियम लावता येत नाही. धोका आहे तो नेमका दुसऱ्याला, ज्याला उपाशी ठेवायची शिफारस होते त्यालाच. जाड मांजरानं एक अख्खा दिवस तोंडात काही घेतलं नाही तर ‘बरं झालं, तेवढंच वजन उतरेल’ म्हणून खूश होऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

उपासाबद्दल बोलताना मला जरा जपून बोललं पाहिजे, कारण आपल्या मातीत त्याला मोठा मान आहे. भोजचे जैन आचार्य शांतिसागर महाराज 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे आमरण उपासाचं व्रत, घेऊन गेले. या भागात आजही ते नाव घेताना आवाज खाली येतो. दशलक्षण पर्वातले उपास, श्रावणातले सोमवार, आषाढी-कार्तिकी, आणि वैद्यांचं लंघन वेगळंच. या सगळ्याला मी हात लावत नाही. पण उपास ज्याचा संकल्प त्याचा असतो. मन आवरायचं ठरवून माणूस ताटावरून उठतो, म्हणून त्याला व्रत म्हणायचं. मांजरानं कुठला संकल्प सोडलेला नसतो. त्याच्या वाटीवर झाकण ठेवणाऱ्या माणसाला पुण्य लागत नाही आणि मांजराला आरोग्य मिळत नाही. देवघरातला नियम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या प्राण्याला लावण्यात भक्तीही नाही आणि वैद्यकही नाही.

आता दुसऱ्या बाजूचे. उपाशी ठेवू नका म्हटलं की यांना वाटतं, लेखक आपल्या पक्षात आला. त्यांचं म्हणणं, मांजर जाड कसलं, गुटगुटीत आहे! खात्यापित्या घरचं दिसायला नको का? या भागातल्या पोरांना तेनाली रामाची मांजराची गोष्ट माहीत असते. कृष्णदेवरायानं विजयनगरात उंदीर माजले म्हणून घरोघरी मांजर दिलं आणि त्याला दूध पाजायला सोबत गाय दिली. रामानं पहिल्याच दिवशी चटका बसेल इतकं कढत दूध पुढे ठेवलं, तेव्हापासून त्याचं मांजर दूध पाहिलं की पळायचं, आणि दूध घरातली माणसं प्यायची. लबाडी खरीच आणि मांजराचं तोंड भाजणं क्रूरच. तरी गोष्ट वाचताना मला नेहमी बाकीच्या घरांची काळजी वाटते. राजाच्या दुधावर तुंदिल झालेली ती दरबारी मांजरं उंदरांमागे किती धावली असतील?

गुटगुटीतपणाचा हिशेब रोगांच्या भाषेत मांडलेला आहे. लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याचा धोका योग्य वजनाच्या मांजरापेक्षा जवळजवळ चौपट, असं 1998 सालच्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. लंगडण्याचा धोका त्याहूनही जास्त होता. जाड मांजराची जीभ पाठीच्या मागच्या भागापर्यंत पोचत नाही, मग तिथे केसांच्या गाठी होतात आणि कातडी खराब होते. ऑस्ट्रेलियात हिमी नावाचा बोका 21.3 किलोचा होता. 1986 साली दहाव्या वर्षी तो श्वास बंद पडून गेला. गिनीज बुकानं पुढे सर्वांत वजनदार पाळीव प्राण्याचा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण लोक विक्रमासाठी जनावरांना कोंबू लागतील ही भीती होती. 2024 साली रशियातल्या पेर्म शहरात एका इस्पितळाच्या तळघरातून क्रोशिक नावाचा बोका बाहेर काढला, वजन 17 किलोच्या घरात. इस्पितळातली माणसं त्याला मायेनं बिस्किटं आणि सूप घालत होती. त्याचं वजन उतरवायचं काम सुरू झालं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला आणि तपासणीत पोटात गाठी निघाल्या. गाठी बिस्किटांनी झाल्या असं मी म्हणत नाही. पण चरबीच्या थराखाली काय दडलंय ते डॉक्टरांच्या हातालाही लागत नाही, एवढं खरं.

बिस्किटांवरून आपल्या घरात येऊ. चिकोडी-निपाणी पट्ट्यात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ, आणि त्या घरांतल्या मांजरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार म्हणजे दूध-भाकरी, दूध-भात, वर तुपाची धार. ‘आमचं मांजर शाकाहारी आहे’ हे वाक्य इथे कौतुकानं ऐकवलं जातं. ते कधीच शाकाहारी नव्हतं. तुम्ही दूध-भात घालत होतात आणि उरलेला आहार ते कणगीमागे, गोठ्यात, परसात स्वतः धरून खात होतं. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि वनस्पतीत तो जवळजवळ नसतोच. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली दिसलं. हृदय मोठं होऊन थकतं आणि टॉरिन दिल्यावर सावरतं, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 1987 साली दाखवलं. जुन्या कौलारू घरात उंदीर ही कमतरता भरून काढत असे. आता घरं स्लॅबची झाली, दारं-खिडक्यांना जाळ्या आल्या, मांजराची नसबंदी झाली, ते आत राहू लागलं. उंदीर गेले, दूध-भात मात्र तसाच राहिला. परिणामी या मांजरांच्या अंगावर चरबी मावत नाही आणि तरी त्यांना हवं ते मिळत नाही. जाडीच्या आत कुपोषण. उपाशी ठेवलं की मांजराची जी प्रथिनं आधीच तुटपुंजी होती तीही जातात, म्हणून इथल्या दूध-भातावरच्या मांजराला तो सल्ला दुप्पट घातक.

कोणी मांस शिजवायला लागावं असं माझं म्हणणं नाही. ज्या घरात ते चालत नाही तिथे पाकिटातलं कोरडं खाद्य वेगळ्या वाटीत, ओट्यापासून लांब ठेवून देता येतं, आणि मी अशी घरं पाहिली आहेत. तेही नको असेल तर मांजर पाळायचं की नाही याचाच विचार करावा. आपल्या व्रताचा भार त्याच्या हृदयानं का उचलावा?

दुधाची बाजू घेणारे मात्र सहज हार मानत नाहीत. दूध बंद म्हणजे पाप, असं थेट सांगतात. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात, ही एक गोष्ट. पचलं तर दुसरी गोष्ट उरते, ती गणिताची. साडेसहा किलोचं मांजर खरं तर साडेचार किलोचं असायला हवं, असं समजू. साडेचार किलोच्या मांजराला श्वास, रक्ताभिसरण, अंगातली ऊब एवढ्यापुरत्या दिवसाला साधारण 215 कॅलरी लागतात. वजन उतरवताना सुरुवात त्याच्या 80 टक्क्यांपासून करतात, म्हणजे 170 च्या आसपास. आता एक फुलपात्र म्हशीचं दूध घ्या, दीडशे मिली. त्यातच दीडशेच्या आसपास कॅलरी गेल्या. अख्ख्या दिवसाचा कोटा जवळजवळ संपला आणि मांजराच्या लेखी ते पाणी पिऊन आलं! चमचाभर तुपात 45, एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक. ‘काहीच खात नाही हो, तरी फुगतं’ असं सांगणाऱ्या घरात हे तीन पदार्थ शोधा, सापडतील.

उंदरांचा मुद्दाही निकालात काढू. भुकेलं मांजरच उंदीर धरतं, पोटभर खाल्लेलं आळशी होतं, ही समजूत उपाशी ठेवण्याच्या समर्थनाला नेहमी जोडून येते. 1976 सालच्या एका प्रयोगात मांजरं आवडतं खाणं खात असताना समोर उंदीर सोडला. त्यांनी खाणं टाकलं, उंदीर मारला आणि परत येऊन खाणं पुढे चालू केलं. मांजराचं शिकारीपण भुकेच्या पलीकडचं असतं. मांजर उंदीर धरत नसेल तर दोष नुसत्या भरल्या पोटाचा नव्हे. नसबंदीच्या ऑपरेशनलाही मांजर जाड होण्याचा दोष दिला जातो. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज साधारण चौथ्या हिश्श्यानं उतरते, हे खरं. त्यावर उपाय ऑपरेशन टाळणं हा नव्हे. त्याच आठवड्यापासून वाटी लहान करा.

मग करायचं काय? कंटाळवाणं काम करायचं. आधी ते खरंच जाड आहे का ते पाहायचं. बरगड्यांवरून हलका हात फिरवा, सहज लागायला हव्यात; दाबून शोधाव्या लागल्या तर चरबी आहे. मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडीची घडी मात्र पुष्कळ सडपातळ मांजरांनाही असते, तिला दोष देऊ नका. नुसतं पोट मोठं आणि पाठीचा कणा टोचतोय, तर ते जाड नाही. जंत, पाणी, गाभण, काहीही असेल. वजनासाठी घरातला माणसांचा काटा निकामी, कारण इथे आठवड्याला साठ-सत्तर ग्रॅमचा हिशेब आहे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चांगला. मांजर टोपलीत घालून नेलं की दुकानदार आधी हसतो, मग त्यालाच उत्सुकता लागते.

वेग आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास ठेवायचा. दोन टक्क्यांच्या वर कधीच नाही. साडेसहावरून साडेचारवर यायला या वेगानं आठेक महिने लागतात. दिवाळीला सुरुवात केली तर आषाढी उजाडते, आणि त्या आषाढीलाही वाटीत ठरलेले ग्रॅम पडायलाच हवेत. कोरड्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे 170 कॅलरी म्हणजे 45 ग्रॅमच्या आसपास; पाकिटावरचा आकडा पाहून पक्कं करा. दिसायला ते फारच थोडं दिसतं, म्हणून डोळ्यांनी मापू नका, तोलून घ्या. एवढ्या थोड्या साध्या खाद्यात जीवनसत्त्वं-प्रथिनं कमी पडू शकतात, त्यासाठी कमी कॅलरी आणि जास्त प्रथिनांचं वजन उतरवायचं खाद्य मिळतं, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. दूध-भातावरच्या मांजराला एका रात्रीत त्यावर ढकलू नका. आठ-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा. नव्याला तोंड लावत नसेल तर हट्ट मांजराला जिंकू द्या आणि जुन्यावर परत या. इथे आपली जिद्द दाखवली की तेच यकृताचं प्रकरण. दिवसाचं खाणं चार-पाच वेळा विभागून द्या. खाद्याचे दाणे जिन्याच्या पायऱ्यांवर टाका, एकेक पकडत वर चढू द्या. व्यायाम चांगला, पण नुसत्या पळण्यानं मांजर बारीक होत नाही. खाणं मोजल्याशिवाय सगळं व्यर्थ.

आणि शेजार. आमच्याकडचं मांजर बहुधा एका घरचं नसतं. सकाळी मराठी घरात त्याची मनी होते, दुपारी कन्नड घरात दुसरं नाव लागतं, संध्याकाळी तिसऱ्या अंगणात मासळीची डोकी मिळतात. तुमच्या तोललेल्या 45 ग्रॅमवर ही तीन घरं सहज पाणी फिरवतात. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा जुना प्रश्न सोडा; खेचलं की सुटणाऱ्या पट्ट्याला चिठ्ठी बांधा, ‘मला खायला देऊ नका, माझं औषध चालू आहे’, मराठीत आणि कन्नडमध्ये. औषध म्हटलं की लोक ऐकतात. डाएट म्हटलं की हसतात.

खऱ्या औषधाची वाट पाहणारेही भेटतात. कुत्र्यांचं वजन उतरवायला डिर्लोटापाइड नावाच्या औषधाला 2007 साली अमेरिकेत मंजुरी मिळाली होती, आणि ते मांजराला देऊ नये असा इशारा त्यावरच होता. कारण तेच, यकृतात चरबी साठण्याचा धोका. तेव्हा माणसाच्या बारीक होण्याच्या पावडरी आणि गोळ्या मांजरावर आजमावण्याचा विचारही नको.

शेवटचा आक्षेप राहतो तो डॉक्टरांबद्दलचा. इथल्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते, मांजराला कोण विचारतो? रांग असते, हे मान्य. पण पशुवैद्यक पदवीच्या अभ्यासात मांजरही असतं, आणि तुम्ही ‘जरा बघा हो’ एवढंच म्हणून गेलात तर तेही जरा बघूनच पाठवतील. तीन आठवड्यांची वजनं कागदावर लिहून न्या, रोज काय-काय आणि किती खातं तेही लिहून न्या, दूध-बिस्किटं लपवू नका. मांजराला मधुमेहाचं इन्शुलिन चालू असेल तर खाणं कमी करायच्या आधीच विचारा, कारण वजन उतरू लागलं की इन्शुलिनचा डोसही उतरावा लागतो, नाही तर साखर धोक्याच्या खाली जाते. आणि हे सगळं न करता अचानक बारीक होऊ लागलेलं जाड मांजर दिसलं तर शेजारी अभिनंदन करतील. तुम्ही त्याला टोपलीत घाला आणि दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसा.